रात्रीचं लंगोट-पुराण: कापडी नॅपी, कव्हर आणि पहाटे तीनची ओली चादर

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की कापडी नॅपी रात्रभर टिकू शकते, तर त्यावर इतकी पत्रं आलीत की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. सगळ्यांचा सूर एकच, दिवसा छान चालतं, रात्री वाट लागते. (नव्या आयांसाठी: कापडी नॅपी म्हणजे आत शू शोषणारं कापडी पॅड आणि वरून पाणी अडवणारं कव्हर.) मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे आणि दोघांच्या मिळून बऱ्याच चादरी धुतल्यात, तेवढ्याच अधिकारात लिहितेय.

ताई, माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे, वजन ९ किलो. दिवसा पॉकेट नॅपी मस्त चालते, आत खिसा असतो आणि त्यात इन्सर्ट म्हणजे पॅड सरकवायचं, ती. रात्री दहाला घालते आणि तीन वाजता हा पाठीपर्यंत ओला, झबलं ओलं, दुपटं ओलं. दोन इन्सर्ट घालून बघितले, मग दुसऱ्या कंपनीचं कव्हर आणलं तरी तेच. नवरा म्हणतो रात्री डायपर घाल आणि झोपू दे सगळ्यांना. रात्रीसाठी नक्की कुठलं कव्हर चांगलं? — एक आई, डोंबिवली

अगं, कव्हर घेऊ नकोस, निदान आज तरी नको. मी पण हेच केलं होतं, थोरल्याच्या वेळी एकदम सहा कव्हरं मागवली आणि सहाच्या सहा गळली, कारण दोष कव्हरात नव्हताच.

आधी एक कर. उद्या पहाटे गळालं की झोपेत असलीस तरी नॅपी तशीच बादलीत टाकू नकोस, आतलं पॅड काढून हाताने दाबून बघ, पुढून, मधून, मागून. सगळं पॅड चिंब असेल, पिळलं तर धार लागेल असं, तर तुला जास्त शोषणारं कापड पाहिजे, कव्हर बदलून शून्य फरक पडणार. आणि पुढचा भाग चिंब पण मागचा अर्धा कोरडा निघाला तर पॅड कमी पडलं नाहीये, शू पॅडमध्ये मुरायच्या आधीच बाजूने निसटतेय, म्हणजे बसवण्यात गडबड आहे किंवा पॅडचं कापड रात्रीसाठी चुकीचं आहे. ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत आणि बहुतेक जणी दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचं औषध देतात, अजून एक इन्सर्ट कोंबतात, मग नॅपी इतकी जाड होते की मांडीपाशी फट पडते आणि आणखी गळतं.

आता हिशोब बघ. बाळाला साधारण दर किलोमागे तासाला १ ते २ मिली शू होते असं धरतात. तुझा ९ किलोचा, झोप दहा तासांची, म्हणजे ९० ते १८० मिली, आणि रात्री दोन-तीनदा दूध पीत असेल तर त्याच्याही वर जाईल. हे नुसतं वाचून सोडू नकोस, घरी पीठ मोजायचा वजनकाटा असतो ना, त्यावर रात्री कोरडी नॅपी ठेव, सकाळी ओली ठेव, जेवढे ग्रॅम वाढले तेवढे मिली शू झाली. माझ्या धाकटीचे २४० निघाले होते, तेव्हा कळलं की मी तिला चहाच्या कपाएवढ्या नॅपीत तांब्याभर पाणी ठेवायला लावत होते. (काटा नंतर पुसून घे, सासूबाईंनी बघायच्या आत.)

मग कापडाचं. तुझ्या पॉकेट नॅपीबरोबर आलेले इन्सर्ट बहुतेक मायक्रोफायबरचे असणार, ते पटकन शोषतात पण भांडी घासायच्या स्पंजसारखे वागतात, दाबलं की सोडून देतात. दिवसा बाळ हालचाल करतं, तू दोन-तीन तासांनी बदलतेस, चालून जातं. रात्री ९ किलोचं बाळ त्याच स्पंजवर तासन् तास एका कुशीवर पडून असतं, पाणी कुठे जाणार, मांडीतून बाहेर. तुझे दोन इन्सर्ट म्हणजे दोन स्पंज, बाकी काही नाही. आणि मायक्रोफायबर थेट कातडीला लावायचं नाही बरं का, ते कातडीतला ओलावाही ओढून घेतं आणि कातडी खरखरीत होते.

रात्रीसाठी सुती, बांबू किंवा हेम्प. बांबू म्हणजे बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस, नैसर्गिक वगैरे जाहिरातीत जास्त, पण शोषतो चांगला. हेम्प म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाचा धागा, नशा-बिशा काही नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेव. हेम्प सावकाश पितं पण पातळ असून खूप साठवतं आणि दाबलं तरी चटकन सोडत नाही. म्हणून ते सगळ्यात खाली, कव्हरच्या बाजूला, आणि वर पटकन पिणारं सुती किंवा बांबू. उलटं लावलंस तर शू हेम्पवर तरंगत बसते आणि बाजूने पळते. नवीन हेम्प किंवा जाड सुती पॅड आणलं की पाच-सहा धुण्यांनंतरच खरं काम करायला लागतं, धाग्यात मुळातला तेलकटपणा असतो तो जावा लागतो, पहिल्याच रात्री घालून मग पत्र लिहू नका की तुम्ही सांगितलेलं गळलं.

पण विकत आणायच्या आधी कपाट उघड. जुना मऊ पंचा किंवा मलमलचा मोठा चौकोन, त्याची पॅडसारखी घडी, त्याच्या आत दुसऱ्या मलमलची पट्टी, एवढ्यावर धाकटीचे पहिले दोन महिने निघाले. मग रात्रीचं दूध वाढलं तशी खाली एक हेम्पची पट्टी आली, बस. मुलगा आहे तर जास्तीची घडी पुढच्या बाजूला कर, मुलगी असेल तर मध्ये, आणि पालथं झोपणारं बाळ असेल तर मुलगा असो मुलगी असो पुढेच. अजून एक, मुलग्याची नुनी नॅपी लावताना खाली वळवून ठेव. हे कुणी लिहीत नाही पण पोटापाशी ओलं होण्याचं निम्मं कारण हेच असतं.

आता कव्हर, जे तू खरं विचारलं होतंस. रात्रीचं कव्हर दिवसाच्या कव्हरपेक्षा थोडं ऐसपैस लागतं कारण आत माल जास्त असतो. मांडीपाशी दुहेरी झालर असलेलं बघ, आतली झालर शी-शू अडवते, बाहेरची कापड झाकते. इलॅस्टिक जांघेतल्या घडीत बसलं पाहिजे, चड्डीसारखं, मांडीवर खाली नको. मोज्याचा उठतो तसा हलका वळ चालतो, लाल खोल काच पडत असेल तर एक बटण सैल कर. मग बोट फिरवून बघ, आतलं कापड कुठेही कव्हरच्या बाहेर डोकावता कामा नये, एक टोक जरी बाहेर राहिलं तरी दिव्याच्या वातीसारखं सगळं पाणी झबल्यात ओढून आणतं, आणि आपल्याला वाटतं कव्हरच गळकं. पोटावर घट्ट बसणारी रोम्पर किंवा लेगिंग पण रात्री नको, वरून दाबली की पॅड पिळलं जातं. बाकी पीयूएल आहे का टीपीयू आहे यावर रात्र जागवू नकोस, दोन्ही म्हणजे कापडाला मागून पाणी अडवणारा थर लावलेला, तुझ्या कामाला दोन्ही चालतात.

नवऱ्याचं म्हणशील तर तोही अगदी चुकीचं बोलत नाहीये. डायपरमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाची पावडर असते, शू लागली की तिचा जेल होतो आणि दाबलं तरी पाणी सुटत नाही, कापड ते करू शकत नाही. ताप आहे, प्रवास आहे, तू तीन रात्री झोपली नाहीयेस, घाल एक डायपर, कुणी नावं ठेवणार नाही. फक्त टाकताना कागदात गुंडाळून वेगळं दे, २०१६ च्या घनकचरा नियमांतही तसंच सांगितलं होतं, आणि पुण्यात 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक बायकांनी तर पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, कारण उघडं डायपर शेवटी कुणाच्या तरी हाताला लागतं.

चिपळूणला राहते. बाळ पाच महिन्यांचं. पावसात काहीच वाळत नाही, रात्रीची जाड नॅपी तर दोन-दोन दिवस ओली राहते आणि कुबट वास मारते. काय करू?

जाड शिवलेलं काही घेऊच नकोस. ज्यात पॅड आणि कव्हर एकत्र शिवलेलं असतं, त्याला ऑल-इन-वन म्हणतात, ती कोकणातल्या जुलैसाठी नाहीच मुळी. उघडलं की एकपदरी होणारं कापड घे, मलमलचे चौकोन, पंचे. घडी घातली की आठ पदर, वाळत घातलं की एक पदर, पंख्याखाली रात्रीतून वाळतं आणि थोडं दमट राहिलं तर इस्त्री मारता येते. कव्हरला इस्त्री नाही हं, आतला थर वितळेल, आणि कव्हर तसंही झटकलं की तासा-दोन तासात वाळतं. हेम्प पावसाळ्यात माळ्यावर टाक, गणपती गेले की काढ.

पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर दुपटी वाळवायचे, तुझ्या घरातही कुणी सुचवेल. कापड गरम होतं हे खरं, पण धूर त्या कापडात बसतो आणि मग ते पाच महिन्यांच्या बाळाच्या नाकाशी, शिवाय इलॅस्टिकवाली वस्तू विस्तवाजवळ नेली की गेलीच. मशीनचा स्पिन दोनदा फिरव, त्याने जास्त काम होतं. आणि पिळून ओल्या नॅपीचा ढीग करून ठेवू नकोस, वास तिथेच धरतो.

नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. इथे बऱ्याच जणी रात्रीसाठी लोकरीचं कव्हर वापरतात, मला ऐकूनच कसंतरी झालं, लोकर ओली होऊन टोचणार नाही का? आणि इथे हिवाळ्यात ड्रायर लावावा लागतो, मग कापडी वापरून पर्यावरणाचा फायदा काय राहिला?

लोकरीचा तू मेंढीच्या बाजूने विचार कर. आपला धनगर भर पावसात घोंगडी डोक्यावर घेऊन मेंढरामागे उभा असतो, पाणी वरून ओघळून जातं आणि आत ऊब राहते, तीच ही गोष्ट. लोकरीत लॅनोलिन असतं, मेंढीच्या अंगचं मेण, ते पाणी परतवतं, आणि धागा स्वतः आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही. वारा आरपार जातो म्हणून बुड उकडत नाही. घोंगडी टोचते कारण दख्खनी मेंढीची लोकर राठ, कव्हरं मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीची असतात, ती मऊ. शिवाय लोकर कातडीला लागतच नाही, आत सुती नॅपी असते.

गंमत म्हणजे हे रोज धुवायचं नाही. सकाळी हवेशीर टांगायचं, वास गेला की रात्री परत, दोन-तीन आठवड्यांनी एकदा कोमट पाण्यात लोकरीच्या साबणाने हलकं चुबकायचं. शी लागली तर मात्र लगेच. मग थोडं लॅनोलिन गरम पाण्यात साबणाच्या थेंबाबरोबर विरघळवून, ते पाणी कोमट झालं की त्यात कव्हर काही तास बुडवून ठेवायचं, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. ड्रायरमध्ये चुकून गेलं तर बाहुलीच्या मापाचं होऊन बाहेर येईल. आत कापड मात्र भरपूर पाहिजे, लोकर म्हणजे जादू नाही, आतलं पॅड चिंब झालं आणि बाळ त्यावरच झोपून राहिलं तर लोकरही झिरपते.

आपल्याकडच्या मैत्रिणी विचारतात आम्ही पण लोकरीचं घ्यावं का, तर पुण्या-नाशकाच्या थंडीत दोन-तीन महिने छान, मुंबईत आणि गोव्यात मी तरी घेणार नाही, दमट हवेत वाळायला दिवस घेते आणि कपाटात कसर लागते.

ड्रायरचं तू बरोबर पकडलंस. तुमच्याच सरकारने २००८ साली ह्याचा हिशोब मांडला होता, त्यात बाळाच्या अडीच वर्षांचं मिळून कापडी आणि डायपर जवळपास सारखेच निघाले, डायपरचे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू आणि कापडीचे ५७०. पण बाहेर दोरीवर वाळवलं, मशीन पूर्ण भरून लावलं आणि तीच नॅपी दुसऱ्या बाळालाही वापरली तर कापडीतले २०० किलो कमी होत होते. म्हणजे फायदा नॅपी विकत घेण्यात नाहीये, धुण्याच्या सवयीत आहे. तुला डिसेंबरमध्ये दोरी जमणार नाही हे कळतं, मग घरात स्टँडवर पसर, रात्रीचं जाड पॅड तेवढं शेवटी थोडा वेळ ड्रायरमध्ये. कव्हर नको.

आमच्याकडे संभाजीनगरला बोअरचं पाणी आहे. मुलगी अकरा महिन्यांची. सकाळी नॅपी उघडली की डोळ्यातून पाणी येतं इतका झणझणीत वास, आणि हल्ली बुड पण लाल दिसतं. पावडर कमी टाकायची असं नॅपीच्या पाकिटावर लिहिलंय म्हणून मी अर्धा चमचाच टाकते.

तो वास अमोनियाचा. ताज्या शूला फारसा वास नसतो, कापडात राहिलेले जंतू तिच्यातला युरिया फोडतात तेव्हा तो तयार होतो. आता तू हे बघ की वास कधी येतो. फक्त सकाळी येत असेल तर दहा तासांची शू आहे, थोडा येणारच, नॅपी काढल्या काढल्या नळाखाली धरून खळखळून घे आणि मग टोपलीत टाक, संध्याकाळपर्यंत तशीच ठेवू नकोस. पण धुतलेली स्वच्छ नॅपी घातली आणि पहिल्याच शूला भपकारा आला, तर नॅपी धुतलीच जात नाहीये, आत जुनं साचलंय.

तुझ्या बाबतीत मला दुसरं वाटतंय. बोअरचं जड पाणी, त्यात अर्धा चमचा पावडर, ती पाण्यातल्या क्षारांशीच भांडण्यात संपते, कपड्यापर्यंत पोचतच नाही. बादलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना तुमच्याकडे, तोच पॅडमध्ये बसतोय. रात्रीच्या पॅडना पावडर नेहमीच्या कपड्यांना टाकतेस तेवढी टाक, आधी एक साधं थंड पाणी फिरव, मग ६० डिग्रीवर धू, आणि शेवटी एक जास्तीचं पाणी काढ. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर हे शेवटचं पाणी त्याचं घे. कम्फर्टसारखं मऊ करणारं काही टाकू नकोस, त्याचा थर बसला की कापड पाणी पीत नाही. कव्हर मात्र ६० च्या वर नाही आणि ब्लीच अजिबात नाही. बाकी मराठवाड्याच्या उन्हासारखं औषध नाही, डाग पण तेच काढतं.

लाल बुडाला रात्री मलम लावत असशील आणि ते झिंकचं पांढरं घट्ट किंवा व्हॅसलिनसारखं असेल तर मध्ये फ्लीसची (मऊ लवदार पॉलिएस्टर कापडाची) पट्टी घाल, नाहीतर ते मलम पॅडला लागून तिथे पाणी शोषलं जाणार नाही. जुनी फ्लीसची शाल असेल तर त्यातूनच काप, फ्लीसमधून पाणी खाली जातं आणि वरून कोरडं वाटतं, त्याने लाली पण कमी होते. आणि लाली जांघेच्या घड्यांमध्ये असेल, कडेने बारीक बारीक पुटकुळ्या असतील, दोन-तीन दिवसांत ओसरली नाही, तर ते बुरशीचं असू शकतं, घरगुती काही लावत बसू नकोस, डॉक्टरला दाखव. तोवर रात्री एकदा उठून बदल, झोपमोड झाली तरी चालेल.

मी बाबा आहे, रात्रीची ड्युटी माझ्याकडे. बाळ तीन आठवड्यांचं. रात्रभर एकच नॅपी चालवायला किती पदर लागतील?

दादा, अजून नाही. तीन आठवड्यांचं बाळ रात्री पण शी करतं, दर दोन-तीन तासांनी दुधाला उठतंच, तेव्हाच बदला, तेवढ्यात ढेकर पण निघते. आत्ता मलमलचा लंगोट आणि छोटं कव्हर पुरे. रात्रभराचं गणित रात्रीची शी थांबली की मग, काहींची तीन-चार महिन्यांत थांबते, काहींची नाही. बदलण्याचं सामान झोपायच्या आधी घड्या घालून उशाशी लावून ठेवा आणि दिवा मंद ठेवा, बाकी तुम्ही ड्युटी घेतलीत हेच बाळाच्या आईला पुष्कळ. ओल्या नॅपी पाण्याच्या बादलीत भिजत ठेवायची सवय आत्तापासूनच लावू नका, वर्षभरात बाळ रांगत त्या बादलीपाशी पोचणारे आणि थोड्या पाण्यातही बाळ बुडू शकतं. कोरड्या जाळीच्या टोपलीत टाका.

तुमचा कॉलम नात वाचून दाखवते. आम्ही चार मुलं वाढवली, धोतराचे लंगोट आणि खाली मेणकापड, कव्हर कुठलं आणि हेम्प कुठलं. आता सून म्हणते मेणकापड बाळाला वाईट. खरं का? — एक आजी, सातारा

आजी, नमस्कार करते. तुमचं धोतर अजूनही पहिल्या नंबरात आहे, शंभर वेळा धुतलेलं सुती कापड जितकं पितं तितकं दुकानातलं कोरं पीत नाही, वरची अर्धी उत्तरं मी तुमच्या पिढीचंच उसनं घेऊन लिहिलीत. मेणकापड गादी वाचवायला उत्तम, फक्त ते चादरीच्या खाली पाहिजे, चारी बाजूंनी गादीखाली ताणून खोचलेलं, सुटं टोक बाळाच्या तोंडाकडे येता कामा नये. सूनबाईंचा आक्षेप बहुतेक ते बाळाच्या कमरेला गुंडाळण्यावर असेल, तिथे ती बरोबर आहे, वारा लागत नाही, घाम धरतो आणि बुड सोलवटतं. कव्हर म्हणजे तुमच्या मेणकापडाचंच जरा शिकलेलं भावंड समजा. आणि एक मागणं आहे, जुनं धोतर किंवा नऊवारी शिल्लक असेल तर सुनेला त्याचे हातभर चौकोन करून द्या, काठ तेवढा कापून टाका, तो टोचतो.